संगणकाची पदवी आणि पैनगंगेचे दोन काठ

बारावीचा निकाल लागला की हदगावसारख्या तालुक्याच्या गावी शिक्षकांकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलाला किंवा मुलीला संगणक शिकायचा आहे, तर विद्यापीठ कोणते घ्यावे? नांदेडचे, छत्रपती संभाजीनगरचे, पुण्याचे, अमरावतीचे, की लोणेऱ्याचे? त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो. अभियांत्रिकीला जावे, की बी. एस्सी.ला संगणकशास्त्र घ्यावे? विचारणाऱ्या पालकाच्या हातात गुणपत्रक असते आणि मनात हिशेब चाललेला असतो, की यंदा कापूस-हळदीचे जे काही होईल त्यातून चार वर्षांचा खर्च निघेल का. उत्तर चुकले तर ते त्या घराला फार महागात पडते.

‘सर्वांत चांगले विद्यापीठ’ कोणते, हे या लेखात आम्ही सांगणार नाही. तशा याद्या दरसाल निघतात आणि दरसाल बदलतात. हा प्रश्न आपल्या भागात कसा घडत गेला, ते आम्हाला पाहायचे आहे. कारण यातली निवड पुष्कळदा विद्यार्थ्याने केलेलीच नसते. एखादी नदी, एखादी राज्याची सीमा, शासनाचा एखादा नियम यांनी ती त्याच्या वतीने आधीच केलेली असते. कुठे ती झालेली आहे आणि कुठे ती अजून आपल्या हाती आहे, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

परीक्षा घेणारे विद्यापीठ

सुरुवात ‘विद्यापीठ’ या शब्दापासूनच करू. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. या विद्यापीठांचे मुख्य काम शिकवणे हे नव्हते. शिकवायचे महाविद्यालयांनी. अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि पदवी देणे एवढे विद्यापीठाकडे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय तर १८५४ चे, म्हणजे मुंबई विद्यापीठापेक्षाही वयाने मोठे. पदव्या मात्र त्याला नंतर विद्यापीठाच्या घ्याव्या लागल्या.

ही रचना आपल्याकडे अजून बऱ्याच अंशी टिकून आहे. परदेशातला विद्यार्थी ‘मी अमुक विद्यापीठात शिकतो’ म्हणतो, तेव्हा तिथली प्रयोगशाळा, तिथले प्राध्यापक आणि तिथली पदवी हे सारे एकाच कुंपणाच्या आत असते. आपल्या संलग्न महाविद्यालयातला विद्यार्थी तेच वाक्य म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘माझी प्रश्नपत्रिका तिकडून येते’ एवढाच असू शकतो. आय. आय. टी. किंवा एकात्म स्वरूपाची विद्यापीठे वेगळी. २०२२ मध्ये पुण्याचे ते जुने अभियांत्रिकी महाविद्यालयही स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. हदगावच्या मुलासमोर ज्या बहुसंख्य जागा असतात त्या मात्र संलग्न महाविद्यालयांतल्या असतात. तेव्हा ‘विद्यापीठ कोणते’ या प्रश्नात ‘शिकवणार कोण’ हा प्रश्न आपोआप येत नाही. तो वेगळा विचारावा लागतो.

नदीच्या अलीकडे उर्दू, पलीकडे इंग्रजी

हदगावहून उत्तरेला निघालो की थोड्याच अंतरावर पैनगंगा लागते. नदी ओलांडली की उमरखेड तालुका, यवतमाळ जिल्हा, विदर्भ. दोन्ही काठांवर मराठीच बोलतात, बाजार एकमेकांत मिसळलेले आहेत, सोयरिकी होतात. पण १९४८ पर्यंत अलीकडचा काठ निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पलीकडचा वऱ्हाड १९४७ पर्यंत इंग्रजांच्या कारभाराखाली होता.

याचा शिक्षणावर झालेला परिणाम मोठा होता. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे ते देशातले पहिले आधुनिक विद्यापीठ. त्यासाठी १९१७ मध्येच ‘दारुल तर्जुमा’ नावाचे भाषांतर खाते उघडून गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक अशा विषयांची पुस्तके उर्दूत आणली गेली. १९२९ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयही निघाले. आपल्या विज्ञान-लेखकांनी या प्रयोगाकडे बारकाईने पाहावे असे आम्हाला नेहमी वाटते. इंग्रजीशिवाय अभियंता घडू शकतो हे तिथे दिसले. पण ज्याची घरची भाषा मराठी, त्या नांदेड-हदगावकडच्या मुलाला उर्दू ही इंग्रजीइतकीच शिकून घ्यावी लागणारी भाषा होती. पलीकडच्या उमरखेडच्या मुलासाठी १९२३ पासून नागपूर विद्यापीठ होते आणि तिथला कारभार इंग्रजीतून चाले. नदी तीच, मुले तीच. एकाला उच्च शिक्षणासाठी दक्षिणेला जाऊन उर्दू शिकायची, तर दुसऱ्याला उत्तरेला जाऊन इंग्रजी.

या भागातल्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बदलण्याची पहिली मोठी घटना १९३८ च्या अखेरीस घडली. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, तेव्हा शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. औरंगाबादच्या महाविद्यालयातले विद्यार्थीही या चळवळीत होते. आता शिकायचे कुठे? संस्थानातले सारे दरवाजे बंद झाले होते. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या पुष्कळांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. त्यांनी कायद्याची पदवी नागपूरहून घेतली. संस्थानाची हद्द ओलांडून या मुलांनी विद्यापीठ निवडले, आणि पलीकडच्या विद्यापीठाने ‘तुम्ही आमच्या क्षेत्रातले नाही’ असे म्हटले नाही. हा संदर्भ ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झाले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ-मराठवाड्याच्या नेत्यांनी ज्या हमी मागून घेतल्या, त्यांत तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा हीही एक होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. हैदराबादचे विद्यापीठ एका रात्रीत परराज्यातले झाले. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि १९६० मध्ये तिथेच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. हदगावच्या मुलाने आता पश्चिमेकडे तोंड करायचे होते. आगगाडीने नांदेडहून औरंगाबाद आणि हैदराबाद या दोन अंतरांत फारसा फरक नाही, हे इथे नोंदवून ठेवू.

जी पदवी कुणाजवळच नव्हती

ही सगळी उलथापालथ चालू असताना देशात संगणक येत होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांचा एक गट १९५४-५५ पासून स्वतःचा संगणक बांधत होता. तो पूर्ण आकारात १९६० मध्ये चालू झाला आणि १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या. स्मृती होती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा. आजच्या मोजमापात ती सुमारे दहा किलोबाइट भरते. आपण वाचत आहात हा लेख आजच्या पद्धतीने साठवायचा म्हटला, तर त्याचा पाव भागही तिच्यात जेमतेम मावेल.

या गटातल्या कुणाजवळही संगणकाची पदवी नव्हती, कारण अशी पदवी देशात अस्तित्वातच नव्हती. नरसिंहन यांचे शिक्षण दूरसंचार आणि विद्युत अभियांत्रिकीचे, आणि पीएच. डी. गणितातली. ही जोडी लक्षात घेण्यासारखी आहे. संगणक-शिक्षणाला पहिल्यापासून दोन पालक आहेत: यंत्र बांधणारे विद्युत अभियंते आणि त्या यंत्राला काय सांगता येईल याचा विचार करणारे गणिती. केंब्रिजला १९५३ मध्ये संगणकशास्त्राची पदविका निघाली ती गणिताच्या अंगणातून. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १९६२ मध्ये संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला. काही विद्यापीठांनी मात्र हा विषय विद्युत अभियांत्रिकीतच ठेवला. ‘संगणकशास्त्र’ आणि ‘संगणक अभियांत्रिकी’ ही दोन नावे या घरगुती वाटणीतून आली.

आपल्याकडे पहिले मोठे पाऊल पडले ते कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये. १९६३ च्या ऑगस्टमध्ये तिथे आय. बी. एम. १६२० हा संगणक आला. तो कुलपात न ठेवता विद्यार्थ्यांना स्वतः चालवू देण्याचे धोरण त्या संस्थेने ठेवले. इतर ठिकाणी विद्यार्थी छिद्रित कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत देई आणि उत्तराची वाट पाहत बसे. प्रा. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या शिक्षकांसाठी व शास्त्रज्ञांसाठी दहा दिवसांचे वर्ग घेतले. राजारामन यांचे आज्ञावली-लेखनावरचे पुस्तक १९६९ मध्ये परवडणाऱ्या आवृत्तीत निघाले आणि पुढची कित्येक वर्षे लहान गावांतल्या मुलांचा तोच गुरू होता. तरीही संगणकशास्त्राच्या बी. टेक. पदवीची पहिली तुकडी कानपूरला १९७८ मध्येच बसली. जागा होत्या वीस. सगळ्या भारतासाठी.

महाराष्ट्रात यंत्रे होती, पण ती मुंबईत होती. टाटा संस्थेत १९६४ मध्ये सी. डी. सी. ३६०० हा त्या काळी प्रचंड समजला जाणारा संगणक आला. पवईच्या आय. आय. टी. मध्ये रशियन ‘मिन्स्क’ होता. नांदेडच्या विज्ञान पदवीधराला संगणक हा वर्तमानपत्रातला शब्द होता.

विजय भटकरांचे उदाहरण इथे घेण्यासारखे आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात जन्मलेल्या या मुलाने १९६५ मध्ये नागपूरहून अभियांत्रिकीची पदवी घेतली, बडोद्याला पुढचे शिक्षण घेतले, १९७२ मध्ये दिल्लीच्या आय. आय. टी. मधून डॉक्टरेट मिळवली. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’चे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. यांच्याही पदव्यांत संगणकाची म्हणावी अशी एकही नाही. सगळे शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचे. त्यावरून ‘शाखा कोणतीही चालते’ असा निष्कर्ष आजच्या पालकाने काढू नये. तेव्हा शाखाच नव्हती आणि स्पर्धाही नव्हती. पण तीन विद्यापीठांत तीन टप्पे गाठता येतात, पहिली पदवी म्हणजे शेवटचा मुक्काम नव्हे, एवढे त्यातून नक्की दिसते.

१९८३ चा पूर आणि एक बांध

१९८० च्या सुमारास केंद्र शासनाच्या एका समितीने, तिचे अध्यक्ष राजारामनच होते, देशाला संगणकाचे मनुष्यबळ किती लागेल याचा विचार करून बी. टेक., एम. सी. ए. आणि तंत्रनिकेतनांतल्या पदविका सुरू कराव्यात अशी शिफारस केली. आणि त्याच सुमारास महाराष्ट्रात एक राजकीय निर्णय झाला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली.

आपल्या टापूत त्याचे परिणाम भराभर दिसले. नांदेडजवळ विष्णुपुरीला श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्येच निघाले होते. ते शासनाच्या मदतीचे. १९८३ मध्ये लातूरला बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय आले, त्याच वर्षी पैनगंगेपलीकडे पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आले, १९८४ मध्ये नांदेडला एम. जी. एम. आले. हदगावच्या माणसाला नांदेड साठ-सत्तर किलोमीटर. पुसदही साधारण तेवढेच. दोन्हीकडे एस. टी. जाते.

पण त्याच १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले आणि पुसद त्याच्या क्षेत्रात गेले. मग तो प्रसिद्ध नियम आडवा आला. महाविद्यालयातल्या सत्तर टक्के जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांना आणि तीस टक्के बाहेरच्यांना, अशी वाटणी अभियांत्रिकीच्या प्रवेशात वर्षानुवर्षे चालली. ‘गृह विद्यापीठ’ हा शब्द आपल्या शिक्षकांना पाठ आहे तो त्यामुळे. हदगावचा मुलगा पुसदला ‘बाहेरचा’, उमरखेडचा नांदेडला ‘बाहेरचा’. १९३८ मध्ये ज्या दिशेने शेकडो मुले गेली आणि सामावली गेली, त्याच दिशेला १९८३ नंतर टक्केवारीचा बांध होता. आणि पुण्या-मुंबईच्या जुन्या, नावाजलेल्या महाविद्यालयांकडे जाणारी वाटही याच नियमाने अरुंद केली होती.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. हा बांध नसता तर नांदेड-औरंगाबादच्या मोजक्या जागांवर पुण्या-मुंबईच्या जास्त गुणांच्या मुलांनी सहज हक्क सांगितला असता. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विभागांमधली तफावत आकड्यांत मांडली, तेव्हा तांत्रिक शिक्षणातला अनुशेषही त्यात होता. राज्यघटनेच्या ३७१ (२) या कलमात तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींचा नावानिशी उल्लेख आहे आणि त्याच कलमाखाली १९९४ मध्ये आलेले मराठवाडा वैधानिक विकास मंडळ २०२० पर्यंत चालले. म्हणजे बांधाने मागास भागाचे रक्षणही केले. आमच्या मते तो असणे योग्यच होते. मात्र नदीकाठच्या गावांना त्याची किंमत जास्त पडली, आणि ती कुणी मोजली नाही.

एक बारकावा मात्र शिक्षकांनी घोकून ठेवावा असा आहे. गृह विद्यापीठ ठरत असे ते सामान्यतः बारावी ज्या महाविद्यालयातून झाली त्याच्या ठिकाणावरून. त्यामुळे दहावीनंतर लातूरला गेलेला हदगावचा मुलगा आपल्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात राही. ‘लातूर पॅटर्न’कडे मुले वळली त्यात याचाही हातभार होता. पण तोच मुलगा अकरावीला पुण्याला मामाकडे गेला, तर त्याचे गृह विद्यापीठ बदलून जाई. चांगले की वाईट, ते गुणांवर अवलंबून. पदवीचे विद्यापीठ दहावीच्या सुट्टीतच ठरत होते, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसे.

पैशाचे तर विचारूच नये. खासगी महाविद्यालयांतल्या देणग्यांच्या तक्रारी इतक्या झाल्या की १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ अशी निम्मी-निम्मी वाटणी घालून दिली. २००२ च्या निकालाने ती व्यवस्था गेली. पण त्या दशकात चार-दोन गुणांनी फ्री सीट हुकली म्हणून वावर गहाण टाकलेली कुटुंबे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत.

सही बदलते, वर्ग तोच

१७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर आणि तेव्हाचा परभणी जिल्हा (हिंगोली त्यातून १९९९ मध्ये वेगळा झाला) त्याच्याकडे आले. ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले ते स्वामीजी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते. विद्यापीठाला शाळामास्तराचे नाव असणे आपल्याला भूषणावह आहे. गुणपत्रकातली चूक दुरुस्त करायला औरंगाबादची खेप वाचली, हा फायदा लहान नव्हता. पण नांदेडच्या महाविद्यालयात त्या सप्टेंबरात शिकवणारे प्राध्यापक आणि तिथल्या प्रयोगशाळेतले संगणक आदल्या महिन्यात होते तेच होते.

असेच पुन्हा घडले. रायगड जिल्ह्यातल्या लोणेरे येथे १९८९ च्या कायद्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ निघाले होते. २०१४ च्या कायद्याने त्याला राज्यभरच्या तंत्रशिक्षण संस्थांना संलग्न करून घेता येऊ लागले. मराठवाड्यातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ही संलग्नता घेतली. त्यामुळे गाव नांदेड, पण पदवीवर कोकणातल्या विद्यापीठाचे नाव, असे होऊ लागले. पालक गोंधळतात, ‘लोणेरे कुठे आले?’ म्हणून नकाशा काढतात. स्वायत्त संस्थांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे पदवी विद्यापीठाची, पण अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका संस्थेच्या स्वतःच्या.

संगणकासारख्या विषयात हा फरक महत्त्वाचा आहे. शंभरावर महाविद्यालयांसाठी एकच अभ्यासक्रम ठरवायचा तर तो सर्वांत अशक्त महाविद्यालयालाही झेपेल असा ठेवावा लागतो आणि बदलायला वर्षे लागतात. स्वायत्त संस्थेला तो लवकर बदलता येतो. पण तिथे शिक्षक चांगले नसतील तर बिघडवताही लवकर येतो, कारण बाहेरून पाहणारे कुणी नसते.

उसाचा काटा आणि दोन पदव्या

आता राहिलेला प्रश्न: अभियांत्रिकी की शास्त्र? साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे उदाहरण घेऊ. गाडी काट्यावर चढली की खालचा पोलादी ठोकळा केसभर दबतो. त्याला चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो. त्या बदलाचा अगदी क्षीण विद्युतदाब वाढवून, गाळून, त्याचा अंक करायचा आणि तो पडद्यावर आणायचा. इंजिनाच्या हादऱ्याने आकडा नाचू नये, हेही पाहायचे. हा प्रांत संगणक अभियांत्रिकीचा, विद्युतशास्त्राच्या शेजारचा.

अंक आला. आता वीस हजार सभासदांच्या यादीतून त्या शेतकऱ्याचे खाते शोधायचे. एकेक नाव तपासत गेलो तर सरासरी दहा हजार नावे पाहावी लागतील. यादी अकारविल्हे लावलेली असेल, तर मधोमध उघडायची, आपले नाव अलीकडे की पलीकडे ते पाहायचे आणि निम्मी यादी सोडून द्यायची. असे पंधरा वेळा केले की काम फत्ते, कारण दोनचा पंधरावा घात ३२,७६८ आहे. नुसत्या तुलना करत जाऊन याहून कमी पायऱ्यांत प्रत्येक वेळी नाव सापडणे शक्य नाही, हे सिद्धही करता येते. ती सिद्धता म्हणजे संगणकशास्त्र, गणिताच्या शेजारचे. वर्गात हा प्रयोग उपस्थितिपटावर करून पाहावा. ज्या मुलाचे डोळे ‘सिद्धही करता येते’ या वाक्याला चमकतात, त्याला बी. एस्सी.त कमीपणा वाटायला नको.

प्रत्यक्षात आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत या सीमा पुसट आहेत. बी. ई. किंवा बी. टेक. च्या संगणक शाखेत काटाही असतो आणि यादीही, चार वर्षांत, जास्त पैशांत. बी. एस्सी. (संगणकशास्त्र) आणि आपल्या भागात रूढ असलेले बी. सी. एस. हे तीन वर्षांचे म्हणून रुजले. नव्या शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षाची वाट उघडली. ते विज्ञान महाविद्यालयांत, पुष्कळदा तालुक्याच्या गावीच मिळतात. मुलीला बाहेरगावी ठेवायला घर तयार नसते, तिथे ही पदवीच खरी निवड असते. ती घेऊन पुढे एम. सी. ए. किंवा एम. एस्सी. करून त्याच नोकरीत पोचलेली मुले-मुली थोडी नाहीत. माहिती तंत्रज्ञान, आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता व विदाशास्त्र, अशा नावांच्या शाखा वाढल्या आहेत. पहिल्या दोन वर्षांचे विषय ओळीने लिहून काढले, तर नावापेक्षा साम्यच जास्त आढळते.

महाविद्यालय पाहायला जाणाऱ्या पालकाला आम्ही एवढेच सुचवू: संगणकांची संख्या विचारण्यात अर्थ उरलेला नाही. कायम नेमणुकीचे शिक्षक किती, आणि ते किती वर्षे टिकले आहेत, ते विचारावे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांवरची जागांची कमाल मर्यादा काढली. नावाजलेल्या शहरी महाविद्यालयांत संगणकाच्या तुकड्या वाढल्या, तर तालुक्या-जिल्ह्याच्या महाविद्यालयांतून मुले तिकडे जाणार, हे उघड आहे. पण वाढलेल्या तुकडीला शिकवणारे शिक्षक त्याच वेगाने तयार होत नाहीत. सायंकाळी सुट्टीच्या वेळी प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप असते की आत मुले बसलेली असतात, हेही जाता जाता पाहावे. कानपूरला १९६३ मध्ये दार उघडे होते, यंत्र एकच असूनही.

हैदराबादचे काय झाले? १९५६ मध्ये परका झालेला तो रस्ता १९९८ नंतर पुन्हा वाहू लागला. त्या वर्षी तिथे हायटेक सिटी उभी राहिली, आय. आय. आय. टी. सुरू झाली, आणि नांदेडकडच्या संगणक पदवीधरांना पुण्याइतकेच हैदराबादही नोकरीचे गाव झाले. शिकायला पश्चिमेला, नोकरीला दक्षिणेला, असा प्रवास कित्येकांनी केला आहे.

जाता जाता एक कामाची गोष्ट. बी. सी. ए. ला गावातल्या महाविद्यालयात जूनमध्ये गुणपत्रक दाखवून प्रवेश मिळत असे. २०२४-२५ पासून हा अभ्यासक्रम तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि राज्यात त्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून वेगळी वाट काढली. परीक्षेचा अर्ज मात्र बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. निकालानंतर आपल्याकडे विचारायला येणाऱ्या पालकाला तेव्हा सांगून उपयोग नसतो. बारावीच्या वर्गात ही सूचना डिसेंबर-जानेवारीतच फळ्यावर लिहून ठेवलेली बरी.